डोणीखालची बाटली

यादीत नेल्सीचं नाव पहिलं आणि माझं दुसरं, हे मला कळलं तेव्हा मी एका दोन महिन्यांच्या पोराला लस टोचत होते. पोर कळवळून रडलं. मला वाटलं, बरं झालं, एकाने तरी रडावं.

यादी होती मेरिदा शहरातल्या प्रशिक्षणाची. पाच आठवडे. वजन वाढून साखर लागल्यावर गोळ्या वाटत बसण्यापेक्षा, मुळात वाढूच नये म्हणून फिरत्या नर्सने घरोघरी काय बोलावं, कसं बोलावं, हे शिकवणारं. आणि जी शिकून येईल तिने आजूबाजूच्या सात गावांच्या नर्सांना शिकवायचं. मी, गेल्मी, तिशकुलच्या आरोग्य केंद्रात तेवीस वर्षं फिरती नर्स आहे. तीनचाकीच्या पुढच्या पेटीत वजनकाटा टाकते, पितळी घंटा वाजवते आणि गावभर हिंडते. या गावात असं पोर नाही ज्याचं वजन मी केलेलं नाही, आणि अशी बाई नाही जिला मी गोड सोड्याच्या बाटलीवरून झापलेलं नाही. आणि डॉक्टरांनी पहिलं नाव घातलं नेल्सी पेचचं.

नेल्सीला मी घडवलं. एकोणीस वर्षांची असताना ती केंद्रात आली, तेव्हा सुई हातात धरली की तिचा हात मासळीसारखा तडफडायचा. परसातलं आंबट संत्रं तोडून मी तिच्यासमोर ठेवलं, म्हटलं, हा तुझा पेशंट, याला टोच. तीस संत्री टोचली तिने. पुढे तिला मुलगी झाली, तीन महिन्यांची झाल्यावर पहिल्यांदा कडेवर घ्यायचा मान तिने मला दिला. आमच्या रीतीप्रमाणे टेबलाला नऊ प्रदक्षिणा घातल्या मी त्या जड पोरीला घेऊन. त्या दिवशी आम्ही कोमाद्रे झालो. कोमाद्रे म्हणजे सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची, म्हणून आदल्या दिवसापर्यंत अगंतुगं करणाऱ्या आम्ही दोघी दुसऱ्या दिवसापासून एकमेकींना 'तुम्ही' म्हणू लागलो. अठरा वर्षांत तिने माझ्याशी एकदाही भांडण केलं नाही. म्हणजे तिच्यावर रागवायलासुद्धा मला कारण नव्हतं, हे आणखी एक.

पाच आठवड्यांनी ती परतली ती एक मोठी पिशवी घेऊन. पिशवीत दाखवून शिकवण्यासाठी रबरी टॉर्टिया, म्हणजे मक्याची पोळी, रबरी पपईची फोड, रबरी कोंबडीची तंगडी. आणि नाकावर चष्मा. मला चष्मा लागून वीस वर्षं झाली, कुणी वर मान करून पाहिलं नव्हतं. तिला मात्र बाजारातली टॉर्टियावाली म्हणाली, "अगंबाई, किती शोभतो!"

शिकवणीचा आठवडा सुरू झाला. केंद्राच्या दालनात दोन पंखे, आठ नर्सा, बाहेर मे महिन्याचं ऊन. नेल्सी फळ्यापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "आपण फार बोलतो. आजपासून बोलायचं कमी. विचारायचं, 'काल सकाळपासून काय काय खाल्लंत?' आणि मग गप्प. मनातल्या मनात सात आकडे मोजायचे. समोरच्या बाईला शांतता सहन होत नाही. सातच्या आत ती खरं बोलते."

मी शेजारच्या तोमासाच्या कानात म्हटलं, "पाच आठवडे घालवून गप्प बसायला शिकली. माझ्या नवऱ्याकडे पाठवलं असतं तर त्याने एका दुपारी शिकवलं असतं."

तोमासा फिस्सकन हसली. नेल्सीने ऐकलं. तीही हसली. मला तेही आवडलं नाही.

मग कंबर मोजायची. माझ्या मापाने तोमासाची कंबर एकशेअठरा भरली, कारण मी फीत तिच्या हिपिलवरून लावली होती. हिपिलला कंबर नसतेच मुळी. खांद्यापासून पोटरीपर्यंत सरळ पांढरं कापड, गळ्याशी आणि खाली भरतकामाची फुलं. आमच्या बायका वर्षाला तीन किलो वाढतात आणि कपडा कधी घट्ट झाला अशी तक्रार करत नाहीत. नेल्सी जवळ आली, हळूच म्हणाली, "कोमाद्रे, आतून." एवढंच. पण आठ जणींसमोर.

सोमवारी दुपारी बुर्गोस मॅडम आल्या. त्या जिल्ह्याच्या पर्यवेक्षिका, उत्तरेकडच्या, सहा महिन्यांपूर्वी बदलून आलेल्या. त्यांनी सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं. मंगळवारी नेल्सी त्यांच्यासमोर एका घरी भेट देईल. बुधवारी वर्गात एका पेशंटशी बोलून दाखवेल. दोन्ही नीट झालं तर तिशकुल धरून आठ गावांची प्रशिक्षिका म्हणून तिचं नाव पक्कं. नाही झालं, तर यादीतलं पुढचं नाव.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

चहाच्या सुट्टीत नेल्सी माझ्याजवळ आली. "कोमाद्रे, उद्यासाठी घर तुम्ही निवडा. गाव तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

खरं सांगायचं तर इथे मला लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. मला वाटलं, देवाने ताट वाढून समोर ठेवलंय.

मी दोन्या फिदेलियाचं, म्हणजे फिदेलियाबाईंचं, घर निवडलं. अडुसष्ट वर्षांची विधवा, साखरेची जुनी पेशंट, आणि माझ्या कपाटातलं सर्वांत स्वच्छ कार्ड. अकरा वर्षं दर महिन्याला त्या कार्डावर मी लिहीत आले: दोन टॉर्टिया, थोडा घेवडा, पपई, पाणी. गोड सोडा: नाही. एवढं करून तिचं वजन वाढतच होतं. मी काट्यावर संशय घेतला, केंद्राने काटा बदलला. पुन्हा वाढलं, पुन्हा बदलला. मग मी हिपिलवरच्या भरतकामाचा अर्धा किलो वजा करू लागले. डॉक्टर म्हणाले, गळ्यातल्या ग्रंथीचा आजार असेल. तर अशा बाईकडून नेल्सी काय काढणार? तीच चार वाक्यं मिळणार, वर माझी स्तुती. मॅडम विचारतील, यात नवीन ते काय?

आणि वार मंगळवार. मॅडमना काय ठाऊक, आमच्याकडे सोमवारी घराघरांत काळा घेवडा आणि डुकराचं मांस शिजतं. महापौराकडे तेच, त्याच्या माळ्याकडेही तेच. मंगळवारी आमच्या बाईला 'काल काय खाल्लंत' विचारणं म्हणजे समुद्राला 'ओला आहेस का' विचारणं. मी मॅडमना सांगितलं नाही. नेल्सीला सांगायची गरज नव्हती. तिने वार ऐकला, चष्मा वर सरकवला आणि गप्प राहिली. सात मोजत असावी.

संध्याकाळी मी फिदेलियाकडे जाऊन आले. "दोन्या, उद्या नेल्सी येईल, बरोबर मोठ्या मॅडम. नेहमी मला सांगता तसंच सांगा."

"तसंच ना? अगदी तसंच?" तिने विचारलं.

"अगदी तसंच."

"बरं बाई," ती म्हणाली, आणि टांगलेल्या झोळीत पडल्या पडल्या पाय हलवत राहिली.

मंगळवारी आम्ही तिघी चालतच गेलो. फिदेलियाचं घर जुन्या पद्धतीचं, लांबट गोल, काठ्यांच्या भिंती, वर ताडाच्या पानांचं छप्पर. पुढचं दार उघडं, मागचं दार उघडं, मधून वारा. नेल्सी दारातच थांबून म्हणाली, "कोमाद्रे, तुम्ही समोर बसलात तर दोन्या तुमच्याशीच बोलतील. जरा परसात बसता का?"

मी बाहेरूनच वळसा घालून परसात गेले. धुण्याच्या सिमेंटच्या डोणीच्या काठावर, चिंचेच्या सावलीत बसले. काठ्यांच्या भिंतीला फटी. श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"दोन्या, काल सकाळपासून सांगा."

"कॉफी. एक बिस्कीट. दुपारी घेवडा आणि मांस. काल सोमवार ना."

"मीही तेच खाल्लं," नेल्सी म्हणाली. मॅडमच्या पेनाचा आवाज थांबला. मी परसात मनात म्हटलं, झालं, आटोपलं.

"आणि दोन टॉर्टिया. थोडी पपई. गेल्मीने सांगितलंय तसं," फिदेलिया म्हणाली.

"घेवड्यात मीठ चांगलं होतं का?"

"मीठ? मांस खारवलेलंच होतं. जीभ नुसती लाकूड झाली."

"मग जेवणानंतर तहान लागली तेव्हा?"

आणि नेल्सी गप्प झाली. मीसुद्धा नकळत मोजू लागले. एक. दोन. कोंबडी खाकरली. तीन. चार. मॅडमची खुर्ची करकरली. पाच.

"गेल्मीला सांगणार नाहीस?" फिदेलिया म्हणाली.

नेल्सी अजून मोजत होती बहुतेक.

"तीन पेले. संध्याकाळी ब्रेडबरोबर आणखी दोन. मोठी बाटली दीड दिवस जाते. पाहुणे आले तर एकच दिवस."

"किती वर्षं, दोन्या?"

"अगं, नवरा गेल्यापासून. घरात काहीतरी फसफसलेलं बरं वाटतं." ती हसली. "गेल्मीची घंटा शाळेच्या कोपऱ्यावर वाजते. तिथून इथवर चौदा घरं. तेवढ्यात बाटली डोणीखाली, वर बादली पालथी, आणि मी झोळीत पपई घेऊन. सगळी आळी तसंच करते. पलीकडची तर बाटली पाळण्यात ठेवते."

"त्या रागावतात म्हणून?"

"रागावली तर रागावू दे की. शिव्या मी पचवते. पण ती गप्प होते आणि चष्मा पुसत बसते. तिला माझ्यात तिची आई दिसते, साखरेनेच गेली ना ती. दर महिन्याला तिला कोण रडवेल? त्यापेक्षा दोन टॉर्टिया म्हटलं की कशी खुलते पोर."

मी खाली पाहिलं. माझ्या पायाजवळ, डोणीच्या खांबाशी, निळी बादली पालथी होती. अकरा वर्षं मी या बादलीला पाय लावून बसत आले असेन. उचलली. तीन लिटरची बाटली, अर्ध्याहून जास्त भरलेली, उन्हाने कोमट.

आत नेल्सी काहीतरी विचारत होती, फिदेलिया काहीतरी सांगत होती, भडाभडा, जसं कधी मला सांगितलं नाही. माझी म्हातारी. माझं कार्ड. नेल्सीने पाच मोजेपर्यंत ती तिची झाली होती. मी झाकण काढलं आणि बाटली तोंडाला लावली. भूक नव्हती, तहानही फारशी नव्हती. अर्धी बाटली संपेपर्यंत मी थांबले नाही. मग झाकण लावलं, बादली पालथी घातली, तोंड पुसलं आणि आत गेले.

मॅडमच्या हातात माझं कार्ड होतं. "गेल्मीताई, इथे अकरा वर्षं 'नाही' लिहिलंय."

"त्या सांगतील ते मी लिहिते, मॅडम," मी म्हटलं.

फिदेलियाने डोळे मिटून घेतले. नेल्सीने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं आणि डोळ्यांत दया असती तर मी तिला तिथेच रबरी तंगडी फेकून मारली असती. ती फक्त फॉर्मवर लिहीत राहिली, त्या तिच्या गोल, मोत्यासारख्या अक्षरात. तिचं अक्षरही माझ्यापेक्षा चांगलं, हे त्याच दिवशी लक्षात यायला हवं होतं का?

बुधवारी उरली होती वर्गातली परीक्षा. मॅडम मागच्या बाकावर. नेल्सीने विचारलं, "पेशंट कोण होतंय?" तोमासा टेबलाखाली काहीतरी शोधू लागली. बाकीच्यांना एकाच वेळी खोकला आला.

"गेल्मीताई होतील," मॅडम म्हणाल्या. "अनुभवी आहेत."

मी पुढे जाऊन खुर्चीवर बसले. आणि बसता बसता माझ्या लक्षात आलं की नेल्सीचं नाव अजून पक्कं झालेलं नाही. खोटं बोलण्याचा फिदेलियाने मला अकरा वर्षं नमुना दिला होता. मी तितकंच गोड, तितकंच सरळ खोटं बोलले तर नेल्सीला काहीही हाती लागणार नाही. पाच आठवडे आणि रबरी कोंबडी, सगळं फुकट. कुणाला कळणारही नाही.

"कोमाद्रे, काल सकाळपासून काय काय खाल्लंत?"

"कॉफी, बिनसाखरेची. एक फोड पपई. दुपारी माशाचं सार, तीन टॉर्टिया. रात्री दही."

"दही!" तोमासा मागून म्हणाली. "ही? दही?"

हशा झाला. नेल्सी हसली नाही. "सकाळ आणि दुपारच्या मध्ये? ऊन होतं काल."

"काही नाही."

"तहान लागली तेव्हा?"

"पाणी."

मग ती गप्प झाली. मी तिच्या डोळ्यांत पाहिलं, नव्या चष्म्याच्या काचांतून. तिला ठाऊक नव्हतं. बाटलीचं तिला काहीही ठाऊक नव्हतं. ती फक्त शिकवल्याप्रमाणे थांबली होती. एक. दोन. मागे मॅडमनी घड्याळ पाहिलं. तीन. मला गंमत वाटत होती. चार. मोज बाई, हवं तर शंभर मोज.

पाचला मला तिचा हात दिसला. फॉर्मवर टेकवलेली पेन्सिल थरथरत होती. बारीक, कुणाला दिसू नये म्हणून तिने दुसऱ्या हाताने मनगट दाबून धरलं होतं. हा हात मला ओळखीचा होता. याच हाताने पहिलं संत्रं फोडून रस माझ्या गणवेशावर उडवला होता, आणि मी म्हटलं होतं, अगं, संत्र्याला दुखत नाही, घाबरतेस काय.

सहा.

"अर्धी बाटली सोडा," मी म्हटलं. "कोमट. सकाळी साडेदहाला, फिदेलियाच्या डोणीपाशी. उभ्याने."



"चोरून?" तोमासाने विचारलं.

"नाही, बँड लावून," मी म्हटलं.

नेल्सीने लिहिलं: अर्धी बाटली. मग हळूच विचारलं, "भूक होती?"

"नव्हती."

"तहान?"

"थोडी."

पुन्हा ती थांबली. या वेळी मी मोजू दिलं नाही. "तू आत बसली होतीस म्हणून," मी म्हटलं. "माझी म्हातारी तुझ्याशी बोलत होती म्हणून. यादी लागली त्या दिवशीही केंद्रामागे उभी राहून चार गोड पाव खाल्ले. तेही लिही हवं तर. कालचे नाहीत, पण लिही."

अठरा वर्षांनी मी तिला 'तू' म्हटलं, हे मला नंतर तोमासाने सांगितलं. नेल्सीने फॉर्म खालपर्यंत पाहिला. भूक, तहान, सवय, सण, पाहुणे, अशा चौकटी होत्या. माझ्यासाठी चौकट नव्हती. तिने 'इतर' मध्ये काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे वळवून दाखवलं नाही. फक्त म्हणाली, "मला कळलं होतं, कोमाद्रे. पावांचं. बेकरीवाली माझी मावसबहीण आहे." आणि मग वर्गाकडे वळून, जरा घोगऱ्या आवाजात, "तर बघा, खाण्यामागे नेहमी भूकच असते असं नाही."

मॅडमनी मागच्या बाकावरच सही केली. आठ गावं नेल्सीला मिळाली. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. हात दुखेपर्यंत वाजवल्या, म्हणजे कुणाला वाटायला नको.

पुढच्या सोमवारी दुपारी मी घंटेत चिंधी कोंबली आणि फिदेलियाच्या दारात तीनचाकी उभी केली. ती झोळीत होती. हातात पेला.

"घंटा कुठे गेली?"

"गंजली."

"शनिवारी तर वाजत होती."

मी बाकावर बसले. चष्म्याकडे जाणारा हात मांडीखाली दाबून ठेवला. "दोन्या, घेवडा खारट होता का आज?"

"होता."

"मग तहान लागली तेव्हा?"

तिने पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे नेल्सीचं वाक्य आहे."

"हो."

"तिच्या तोंडी बरं वाटतं."

"ठाऊक आहे," मी म्हटलं, आणि दात आवळून मोजायला लागले. चार. पाच. तिने झोळीत कूस बदलली. सहा.

"आजचा हा दुसरा," ती म्हणाली. "तिसरा नाही घेणार. बहुतेक." मग अर्धा भरलेला पेला माझ्यासमोर धरला. "हा उरलेला तू पी. तुला सवय आहे, सगळं गाव म्हणतंय."

मला हसू आलं. ती आधी हसली, झोळी गदगदा हलली. मी पेला घेतला, परसात नेऊन डोणीत ओतला, आणि येऊन कार्ड काढलं. अकरा वर्षांच्या 'नाही'खाली लिहिलं: दीड पेला. अक्षर नेल्सीसारखं गोल येईना. म्हणून पुन्हा एकदा, सावकाश, त्याच्यावरूनच गिरवलं.